आधी अडलं कुठे ते पाहा: बूट न होणाऱ्या डिस्कविषयी

डेस्कटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडे एक तक्रार वर्षानुवर्षं त्याच शब्दांत येते: सीडी टाकली, पण बूटच होत नाही. डिस्क विंडोजची असो की लिनक्सची, सीडी असो की डीव्हीडी, गिऱ्हाइकाला दिसतं ते एवढंच. मशीन चालू केलं, ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, डिस्क घरघरली, आणि मग एक तर तीच बिघडलेली जुनी विंडोज समोर आली किंवा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटून सगळं थांबलं. हे पुस्तक या एकाच तक्रारीविषयी आहे. एवढ्याशा तक्रारीसाठी अख्खं पुस्तक कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचं उत्तर आधी देतो.

‘बूट होत नाही’ हे बिघाडाचं नाव नाही, ते फक्त लक्षण आहे. त्यामागे डाउनलोड करताना खराब झालेली फाइल असू शकते, चुकीच्या पद्धतीने राइट केलेली डिस्क असू शकते, धूळ बसलेली लेन्स, सैल केबल, चुकलेला जंपर, बायॉसमधला उलटा क्रम, सिक्युअर बूटची आडकाठी, 32 बिटच्या प्रोसेसरपुढे ठेवलेली 64 बिटची सिस्टिम किंवा खराब रॅमसुद्धा असू शकते. प्रत्येकाचा इलाज वेगळा, लागणारा वेळ वेगळा आणि खर्चही वेगळा. बायॉसमधला क्रम बदलायला दोन मिनिटं पुरतात आणि पैसा लागत नाही. तोच दोष ओळखता आला नाही, तर गिऱ्हाइकाच्या माथी नवा ड्राइव्ह, नवी हार्डडिस्क आणि शेवटी नवा मदरबोर्ड मारला जातो. तिन्ही बदलूनही डिस्क बूट होत नाही ती नाहीच, आणि या खटपटीत हार्डडिस्कवरचे हिशेब आणि फोटो गेलेले असतात ते वेगळेच.

विहिरीवरची मोटार फिरते आहे पण पाणी येत नाही, तेव्हा जाणता शेतकरी नवी मोटार आणायला तालुक्याला धावत नाही. फूटव्हॉल्व्ह गळतोय का, पाइपात हवा धरली आहे का, पाणी कुठवर चढलं आहे, हे तो क्रमाने बघतो. या पुस्तकाचं सगळं सांगणं त्याच शिस्तीचं आहे. आधी नेमकं कुठे अडलं ते ठरवा, मग काय बदलायचं ते ठरवा. पुढच्या सगळ्या प्रकरणांत हीच एक गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी लावून दाखवली आहे.

कुठे अडलं हे कळायचं तर सुरळीत चाललं असताना काय घडतं ते माहीत हवं. म्हणून थोडा इतिहास सांगतो. आयबीएमचा पीसी 1981 साली आला. त्याच्या बायॉसला फ्लॉपीवरून सुरुवात कशी करायची ते ठाऊक होतं, हार्डडिस्कची सोय पाठोपाठ आली. पद्धत साधी होती. डिस्कचा पहिला 512 बाइटचा तुकडा मेमरीत घ्यायचा आणि त्यातल्या सूचनांच्या हाती मशीन सोपवायचं. हार्डडिस्कच्या बाबतीत त्या तुकड्याच्या शेवटी 55 एए ही खूण आहे ना, एवढं बायॉस तपासतो. सीडी या घरात उशिरा आली, आणि तिचा संसार वेगळा होता. तिचे तुकडे 512 चे नाहीत, 2048 बाइटचे. फाइली मांडण्याची तिची पद्धत आयएसओ 9660 या नावाने 1988 मध्ये प्रमाण ठरली. त्या पद्धतीत सुरुवातीचे सोळा तुकडे राखून ठेवलेले आणि डिस्कची मुख्य माहिती त्यांच्यानंतर. बायॉसने जुन्या सवयीने पहिला तुकडा उचलला तर हाती काहीच लागायचं नाही.

म्हणून विंडोज 95 टाकताना सीडीबरोबर एक बूट फ्लॉपी लागायची. आधी फ्लॉपीवरून डॉस उठवायचं, त्यात सीडी-रॉमचा ड्रायव्हर चढवायचा, आणि मग कुठे सीडी दिसायची. ज्यांनी त्या काळात कामं केली आहेत त्यांना ती फ्लॉपी किती जपावी लागे ते आठवत असेल. या अडचणीवरचा तोडगा जानेवारी 1995 मध्ये फीनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून लिहिला. त्याचं नाव एल टोरिटो. कॅलिफोर्नियातल्या एका रेस्टॉरंटवरून ते नाव पडलं, पण आज जगातली जवळजवळ प्रत्येक बूट होणारी सीडी आणि डीव्हीडी त्याच नियमाने चालते.

हा नियम जवळून पाहण्यासारखा आहे. तुकड्यांची मोजणी शून्यापासून करतात. सोळाव्या तुकड्यावर डिस्कची ओळख असते. सतराव्यावर ‘ही डिस्क एल टोरिटो पद्धतीची आहे’ अशी नोंद असते आणि बूट कॅटलॉग कोणत्या तुकड्यावर आहे त्याचा पत्ता असतो. बायॉस तिथे जातो. कॅटलॉगची पहिली नोंद खरी आहे का ते बघतो. तिच्या शेवटीही तीच 55 एए खूण असते. पुढच्या नोंदीत सुरुवातीचा प्रोग्रॅम कुठे आहे, तो किती घ्यायचा, आणि डिस्कने फ्लॉपीचं सोंग घ्यायचं, हार्डडिस्कचं घ्यायचं की कसलंच नाही, हे लिहिलेलं असतं. विंडोज 98 च्या सीडीने फ्लॉपीचं सोंग घेतलं. पुढच्या विंडोज आणि बहुतेक लिनक्स डिस्का सोंगाविना चालतात. तो छोटा प्रोग्रॅम मेमरीत आला की बायॉसचं काम संपलं. मग तो प्रोग्रॅम आपल्या मोठ्या भावाला बोलावतो, मोठा भाऊ कर्नल चढवतो, कर्नल ड्रायव्हर घेतो आणि इन्स्टॉलेशनचा पहिला रंगीत पडदा दिसतो.

म्हणजे फाइल, डिस्क, ड्राइव्ह, केबल, बायॉस, बूट कॅटलॉग, लोडर, कर्नल आणि ड्रायव्हर अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडी पुढच्या कडीच्या हाती काम सोपवते. कडी तुटली की जिथे तुटली तिथली काही ना काही खूण पडद्यावर, आवाजात किंवा दिव्यात उरते. ती वाचायला शिकणं म्हणजेच दोष शोधायला शिकणं.

अशा दोन खुणा शेजारी शेजारी ठेवून बघू. एक्सपीच्या दिवसांत ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ ही ओळ दिसली की पुष्कळजण सीडीला दोष देत आणि दुसरी सीडी आणायला जात. ही ओळ सीडी लिहीत नाही. ती हार्डडिस्कवरचा बूट सेक्टर लिहितो, किंवा विंडोजमध्ये फॉरमॅट केलेला एखादा पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात विसरला असेल तर तो लिहितो. ही ओळ दिसली याचा अर्थ सीडीपर्यंत पाळी आलीच नाही किंवा आलेली पाळी हुकली. बायॉसमधला क्रम बघा, पेनड्राइव्ह काढा, ड्राइव्ह बायॉसला दिसतो का ते पाहा. आता दुसरी ओळ: ‘सीडीबूट: कुडंट फाइंड एनटीएलडीआर’. सुरुवातीला सीडीबूट हा एक शब्द वाढला, आणि निदान सगळं फिरलं. ही ओळ सीडीवरच्या लोडरने लिहिली आहे. म्हणजे क्रम बरोबर आहे, ड्राइव्ह ठीक आहे, बूट कॅटलॉग सापडला आहे. बिघाड आहे तो डिस्कवरच्या फाइलींत. बहुधा कुणीतरी मूळ सीडीवरच्या फाइली कॉपी करून घरी नवी सीडी बनवताना मांडणी चुकवली आहे. एका शब्दाच्या फरकाने अर्धी साखळी निर्दोष ठरते. म्हणून मशीन बंद करण्याआधी पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या किंवा मोबाइलने तिचा फोटो काढा, असा आग्रह या पुस्तकात पानोपानी आहे.

तिसरी एक ओळ अनेकांच्या नजरेतून निसटते, कारण ती जेमतेम पाच सेकंद टिकते: ‘प्रेस एनी की टु बूट फ्रॉम सीडी’. हार्डडिस्कवर आधीची विंडोज असेल तर एक्सपीपासूनच्या डिस्का असं विचारून थांबतात. कळ दाबली नाही की मशीन मुकाट्याने हार्डडिस्ककडे जातं. काही वेळा माणूस कळ दाबतो, पण कीबोर्ड यूएसबीचा असतो आणि बायॉसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट बंद असतो. दाबलेली कळ मशीनपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी जुना गोल पिनचा पीएस-टू कीबोर्ड लावला की दोन मिनिटांत खुलासा होतो. तो कीबोर्ड भंगारात देऊ नका.

आता डिस्ककडे वळू. बूट न होणाऱ्या घरगुती डिस्कांत सर्वांत जास्त आढळणारा दोष अगदी साधा आहे. आयएसओ फाइल ही डिस्कची पूर्ण प्रतिमा असते. बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज बर्न करा’ हा वेगळा पर्याय निवडला तरच सोळावा आणि सतरावा तुकडा आपापल्या जागी जातो. तीच फाइल गाण्यासारखी ओढून टाकली, तर डिस्कवर एक मोठी फाइल उतरते आणि बूट कॅटलॉग कुठेच नसतो. विंडोज एक्सपीच्या अंगच्या सोयीत इमेज बर्न करण्याचा पर्यायच नव्हता, त्यामुळे एका पिढीने ही चूक सर्रास केली. विंडोज 7 पासून तो पर्याय आत आला. तपासणी सोपी आहे. डिस्क चालत्या मशीनमध्ये उघडा. आत एकुलती एक आयएसओ फाइल दिसली तर ती डिस्क कधीच बूट होणार नाही. अनेक फोल्डर दिसले तर निदान पद्धत तरी बरोबर होती.

पद्धत बरोबर असली म्हणजे मजकूरही बरोबर असेल असं नाही. रात्रभर डाउनलोड चालू ठेवलेलं आणि मध्येच लाइट गेलेली, असं आपल्याकडे व्हायचंच. फाइलचा आकार बरोबर दिसतो आणि आतले काही बाइट चुकलेले असतात. यासाठीच लिनक्सच्या बहुतेक वितरणांबरोबर फाइलची चेकसम प्रसिद्ध होते, पूर्वी एमडी5 आणि आता एसएचए 256. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये एसएचए256सम ही आज्ञा चालवून आपल्याकडच्या फाइलची चेकसम काढायची आणि शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायची. जुळली नाही तर डिस्क राइट करूच नका. त्या फाइलपासून कितीही डिस्का बनवल्या तरी सगळ्या सदोषच निघतील.

डिस्क हातात घेऊन पाहण्यातही शिकण्यासारखं आहे. खालची चकचकीत बाजू सगळे पुसतात, पण सीडीची माहिती असते वरच्या बाजूला, लेबलच्या पातळ लाखेखाली. 1.2 मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक खालच्या ओरखड्यांपासून तिला सांभाळतं. वरून मात्र बॉलपेनने दाबून नाव लिहिलं तरी ती दुखावते. डीव्हीडीत 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधल्या थरात सुरक्षित राहते. घरी राइट केलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कसारखी टिकाऊ नसते. तिच्यातला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो. परत राइट करता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर प्रकाश फारच कमी परतवते. छापील सीडीने निदान 70 टक्के परतवावा असं प्रमाण आहे. सीडी-आरडब्ल्यूकडून 15 ते 25 टक्केच येतो. जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हला ती कोरी वाटते. नव्या मशीनवर बूट होणारी डिस्क जुन्या मशीनवर होत नाही, याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण त्याहून उघड: डीव्हीडी सीडी-रॉम ड्राइव्हमध्ये टाकलेली असते. सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 चा. विंडोज व्हिस्टा 2007 मध्ये डीव्हीडीवर आली आणि उबंटूची 12.10 ही आवृत्ती 2012 मध्ये 700 एमबीच्या सीडीत मावेनाशी झाली, तेव्हा ड्राइव्ह न बदललेल्या कितीतरी मशीनपुढे ही अडचण उभी राहिली. ड्राइव्ह उघडतो, बंद होतो, फिरतो. यावरून त्याला वीज मिळते एवढंच सिद्ध होतं. तो वाचतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

जुन्या मशीनमधल्या आयडीई केबलसाठी एक प्रकरण दिलं आहे. 80 तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डकडे, काळं टोक मास्टरकडे आणि मधलं करडं स्लेव्हकडे जातं. हार्डडिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर असून दोघांचेही जंपर मास्टरवर असले, तर कधी दोन्ही दिसत नाहीत, कधी एकच दिसतो, आणि माणूस गोंधळतो. बायॉसच्या यादीत ड्राइव्हचं नावच नसेल, तर डिस्क बदलण्यात अर्थ नाही. आधी केबल, जंपर आणि पॉवरचा कनेक्टर पाहा. तसंच, लावून दिलेला बूटचा क्रम रोज बदलत असेल आणि तारीखही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल संपला आहे. या किरकोळ सेलपायी मदरबोर्ड खराब ठरवला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

नव्या मशीनवर अडचणींचं रूप पालटतं. इंटेलने इटॅनियमसाठी सुरू केलेल्या ईएफआयचं काम 2005 पासून यूईएफआय फोरम पाहू लागला आणि पुढच्या दशकात डेस्कटॉपचा जुना बायॉस मागे पडला. यूईएफआय पहिल्या तुकड्याच्या भानगडीत पडत नाही. तो डिस्कवर ईएफआय नावाच्या फोल्डरमधल्या बूट फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. एकाच डीव्हीडीचं नाव बूट मेन्यूत दोनदा दिसतं, एकदा पुढे यूईएफआय लावून आणि एकदा तसंच, ते यामुळेच. दोन्ही नोंदी दोन वेगळ्या वाटांनी जातात. चुकीची वाट धरली तर डिस्क बूट होते, पण पुढे ‘या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे’ असं सांगून विंडोज हार्डडिस्क नाकारते. त्या क्षणी घाईने सगळी पार्टिशनं उडवणारे पुष्कळ भेटतात. खरं तर मागे जाऊन दुसरी नोंद निवडली असती तर डेटा वाचला असता. एक्सपीची सीडी शुद्ध यूईएफआयवर बूट होत नाही, 32 बिटच्या विंडोजची डिस्क 64 बिटच्या यूईएफआयवर होत नाही, आणि ज्या डिस्कच्या लोडरवर मान्य सही नाही ती सिक्युअर बूट चालू असताना अडवली जाते. सिक्युअर बूट बंद करण्याआधी मात्र एक गोष्ट विचारायलाच हवी: या मशीनवर बिटलॉकर चालू आहे का? असेल तर 48 अंकी रिकव्हरी की गिऱ्हाइकाच्या हाती आहे याची खात्री होईपर्यंत त्या सेटिंगला हात लावू नका.

काही वेळा डिस्क व्यवस्थित बूट होते, आणि तरीही तक्रार तीच असते. छापखान्यातल्या एका जुन्या मशीनचं उदाहरण घेऊ. हार्डडिस्क गेली म्हणून नवी साटा हार्डडिस्क बसवली. एक्सपीची सीडी टाकली, निळा पडदा आला, फाइली चढल्या आणि मग 7बी या क्रमांकाची चूक दाखवून मशीन थांबलं. मालकाच्या लेखी सीडी खराब. साखळी लावून पाहिलं तर सीडीने आपलं काम चोख केलं आहे. बायॉसमध्ये साटाचा प्रकार एएचसीआय आहे आणि एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही. प्रकार आयडीई केला की काम पुढे सरकतं. याचीच नवी आवृत्ती 2015 नंतर दिसली. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या मदरबोर्डांवरून यूएसबीचा जुना कंट्रोलर गेला, आणि विंडोज 7 च्या डीव्हीडीत यूएसबी 3 चा ड्रायव्हर नव्हता. डीव्हीडी बूट व्हायची, भाषा विचारणारा पडदा यायचा, आणि तिथे माउस-कीबोर्ड दोन्ही मेलेले. यूएसबी ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवरून टाकत असाल तर ‘सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही’ अशी तक्रार. ज्या ड्राइव्हवरून इथवर आलो तोच सापडत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. इथवर आणलं ते मदरबोर्डच्या फर्मवेअरने; आता सूत्रं विंडोजच्या कर्नलकडे गेली आहेत आणि त्याला त्या ड्राइव्हकडे जाणारा रस्ता माहीत नाही, हे समजलं की कोडं सुटतं. तीच ओळ खराब राइट झालेल्या डीव्हीडीवरही येते, म्हणून दोन्ही शक्यता क्रमाने तपासायच्या.

छापखान्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. आज नव्या कॅबिनेटला डीव्हीडी ड्राइव्हची जागाही नसते, मग डिस्कांची उठाठेव कशाला, असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच शहरांतल्या जागा दाखवतो. मराठी डीटीपीची कितीतरी कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत, पेजमेकरमध्ये, डोंगल लावून चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर झाली. ते सगळं एक्सपीच्या मशीनवर बसलेलं आहे, आणि जुन्या पुस्तकाची आवृत्ती काढायची तर ते मशीन जिवंत लागतं. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात एखाद्या यंत्राशी जोडलेला संगणक त्या यंत्राच्याच वयाचा असतो. शाळांच्या संगणक कक्षांत देणगीतून आलेली मशीनं असतात. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. विंडोज 11 च्या अटींत न बसणारी धडधाकट मशीनं आता लिनक्सची वाट पाहत आहेत. त्यांच्या मालकांना डिस्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून सिस्टिम टाकावी लागणार आहे. आधार संपलेली सिस्टिम टाकावीच लागली तर ते मशीन इंटरनेटला जोडू नका, हेही इथेच सांगून ठेवतो.

पेनड्राइव्हसाठी दोन प्रकरणं आहेत, कारण साखळी तीच राहते, फक्त पहिल्या कड्या बदलतात. एफएटी32 मध्ये 4 जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशनमधली मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. यूईएफआयला तर एफएटी हवा असतो. रूफससारखी साधनं यातून वाट काढतात, पण ती काय करतात हे समजून वापरली तरच अडल्यावर उपयोग होतो.

तपासणीची एक पद्धत पुस्तकभर वापरली आहे. खात्रीची एक डिस्क आणि खात्रीचं एक मशीन जवळ ठेवायचं. तक्रारीची डिस्क खात्रीच्या मशीनवर लावायची आणि खात्रीची डिस्क तक्रारीच्या मशीनवर. पहिली चालली नाही तर दोष डिस्ककडे, दुसरी चालली नाही तर दोष मशीनकडे. दोन्ही चालल्या तर दोष त्या जोडीत आहे: डीव्हीडी आणि सीडी-रॉम, आरडब्ल्यू आणि जुना ड्राइव्ह, 64 बिटची सिस्टिम आणि 32 बिटचा प्रोसेसर. मशीन दर वेळी त्याच ठिकाणी थांबत असेल तर आधी डिस्ककडे संशयाने पाहा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर मेमटेस्ट लावून रॅम तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. डिस्क, केबल आणि बायॉसचं सेटिंग एकदम बदलून मशीन चालू झालं, तर गिऱ्हाइक घरी जातं खरं, पण दोष काय होता ते तुम्हाला कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पुस्तकाची मांडणी साखळीच्या क्रमाने आहे: फाइल आणि डिस्क, ड्राइव्ह आणि केबल, बायॉस, यूईएफआय, प्रोसेसर आणि रॅम, बूट झाल्यानंतरचे अडथळे, आणि पेनड्राइव्ह. शेवटी पडद्यावरच्या ओळींची यादी दिली आहे. प्रत्येक ओळीपुढे ती साखळीतली कोणती कडी लिहिते आणि तोवरच्या कोणत्या कड्या निर्दोष ठरल्या ते नोंदवलं आहे. लॅपटॉप, मॅक आणि सर्व्हरवरचे रेड कंट्रोलर मी बाजूला ठेवले आहेत. त्यांचे नियम वेगळे आहेत आणि घाईघाईने उरकण्याजोगे नाहीत. हे पुस्तक आयटीआयमधल्या विद्यार्थ्यांसाठी, छोट्या गावात एकट्याने दुकान चालवणाऱ्यांसाठी आणि घरचं मशीन स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी आहे. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात पर्यायी ड्राइव्ह हाताशी असतो, तिथे बदलून बघणं परवडतं. तालुक्याच्या ठिकाणी तो मागवायला चार दिवस लागतात. अचूक निदानाची गरज तिथे जास्त आहे.

दोन गोष्टी तंत्राच्या नसूनही आवर्जून लिहितो. पहिली डेटाची. इन्स्टॉलेशनची डिस्क बूट झाली की मोह होतो तो पुढे पुढे दाबत जाण्याचा. त्याआधी लिनक्सच्या लाइव्ह डिस्कवरून हार्डडिस्कवरचा मजकूर बाहेर काढून घ्या. गिऱ्हाइकाने ‘आत काही महत्त्वाचं नाही’ असं सांगितलं तरी काढा. डेस्कटॉपवर ठेवलेली लग्नाची यादी आणि सातबाऱ्याचं स्कॅन त्याला नंतर आठवतं. दुसरी गोष्ट बाजारात मिळणाऱ्या ‘ऑल इन वन’ डिस्कांची. त्यांत कोणी काय मिसळलं आहे ते सांगता येत नाही, चेकसम जुळवायला मूळ फाइल नसते, आणि त्या बूट झाल्या नाहीत तर दोष शोधायला आधारच उरत नाही. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर लायसन्सची की असेल तर त्याच आवृत्तीची मूळ प्रतिमा वापरा. लायसन्स नसेल तर लिनक्स फुकट, कायदेशीर आणि तपासण्याजोगं आहे.

दुरुस्ती करणाऱ्यावर लोक विश्वास टाकतात, कारण पेटीच्या आत काय चाललं आहे हे त्यांना दिसत नाही. त्या विश्वासाला उत्तर म्हणून आपण त्यांना कारण सांगू शकलो पाहिजे. ‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे कारण नाही. ‘तुमचा ड्राइव्ह फक्त सीडी वाचतो आणि ही डीव्हीडी आहे’ हे कारण आहे. ते ऐकून माणूस खर्च करायचा की नाही हे स्वतः ठरवू शकतो. असं कारण प्रत्येक वेळी सांगता यावं, यासाठी पुस्तक वाचताना एक वही जवळ ठेवा. आलेल्या प्रत्येक मशीनची पडद्यावरची ओळ, तुम्ही बदललेली एक गोष्ट आणि त्याचा परिणाम तिच्यात लिहीत जा. वर्षभराने त्या वहीत तुमच्या भागातल्या मशीनांचे, तिथल्या विजेचे आणि डिस्कांचे असे दोष जमलेले असतील, जे या पुस्तकात नाहीत. ते तुमच्या हाताखाली शिकणाऱ्याला दाखवा.